तीन महिन्यांसाठी फेणी

उधना, सुरत
२३ फेब्रुवारी १९९७

प्रिय तुषार,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन शेजारच्या सरलाबाईंकडे आला तेव्हा मी शाळेत होते. अनुजा आणि धनू सुखरूप पोचल्या, एवढा निरोप त्यांनी जिन्यातच ओरडून दिला आणि माझा जीव भांड्यात पडला. तिसरा मजला चढण्याआधीच सगळ्या बिल्डिंगला कळलं की आमचा तुषार आता बायको-मुलीसह न्यूझीलंडचा झाला.

आता तुमच्या फेणीबाईंविषयी. बाईसाहेब या क्षणी स्वयंपाकघराच्या दारावर बसून माझं पेन कसं पळवता येईल याचा विचार करत आहेत. अनुजा-धनूची टॅक्सी निघाली त्या दुपारी फेणी गप्प होती. मला वाटलं, समजूतदार आहे. साडेपाचला खाली शाळेची रिक्षा थांबली, धनू जिच्यातून उतरायची तीच, आणि हिने डोक्यावरचा पिवळा तुरा उभा करून अशी किंकाळी फोडली की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. मग "धनूऽ, धनूऽ" सुरू झालं. अंधार पडेपर्यंत. त्या दिवसापासून रोज साडेपाचला हेच.

सरलाबाई म्हणाल्या, एवढा जीव लावलेलं जनावर कुणी मागे टाकून जातं का? मी म्हटलं, टाकलेलं नाही, ठेवलंय. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या मिलच्या शेठच्या पोराने हौसेने आणलेला आणि मग रंगखात्यामागे पिंजऱ्यात कुजत ठेवलेला हा काकाकुवा तू घरी आणलास, तेव्हा मीच तुला वेड्यात काढलं होतं. सुतरफेणीसारखा पांढरा आहे म्हणून धनूने फेणी नाव ठेवलं. पुढे प्लेगच्या वेळी अख्खी सुरत पळत असताना आपण अमळनेरच्या गाडीत तिला करंडीत लपवून नेलं आणि कंडक्टरला कोंबडी म्हणून सांगितलं. ती नेमकी तेव्हाच करंडीतून "नमस्कार" म्हणाली. आठवतं ना? मग असल्या घरावर कुणी बोट ठेवावं?

तू नोव्हेंबरात निघताना म्हणालास, "ताई, तीन महिन्यांचा प्रश्न. परवानगी आली की फेणीला विमानात बसवायचं." अनुजाही जाताना तेच म्हणाली. तीन महिने मी हिला सांभाळीन. मात्र परवानगीचं लवकर बघ. मी त्रेपन्न वर्षांची एकटी बाई आहे. मला कुणी इतक्या मोठ्याने हाक मारायची सवय नाही.

धनूला गोड पापा.

तुझी,
विजयाताई


ऑकलंड
१६ मार्च १९९७

प्रिय ताई,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मी दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं. कंडक्टरच्या आठवणीवर धनू इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ती आत जाऊन झोपली आणि जेवायला उठली नाही.

इथल्या शेतीखात्याच्या कचेरीत जाऊन आलो. माणसं फार सभ्य. खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाहेरून रोगराई येऊ नये म्हणून पक्ष्यांच्या बाबतीत हे लोक फार काटेकोर आहेत. बुटाच्या तळाची मातीसुद्धा धुवायला लावतात. पण काळजी करू नकोस. अर्ज दिला आहे, कागद फिरतायत. वेळ लागेल इतकंच. पावसाळ्याच्या आत काहीतरी नक्की होईल.

लॅबमधलं काम बरं चाललंय. इथे आता थंडी सुरू होईल. धनूने खिडकीशी एक कोपरा मोकळा ठेवला आहे. तिथे कुणाला बॅगसुद्धा ठेवू देत नाही. म्हणते, फेणीला ऊन लागतं.

ताई, खरं सांगू? तुझ्याकडे ती आहे याचं मला बरंच वाटतं. रोज संध्याकाळी तू रिकाम्या घरात शिरतेस हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नसे. आता तुला हाक मारायला कुणीतरी आहे.

तुझा,
तुषार


उधना, सुरत
२० एप्रिल १९९७

प्रिय तुषार,
अनेक आशीर्वाद.

फेणी रुळली. आता हाक धनूची नसते, माझी असते. "बाईऽ" म्हणते, शाळेतली मुलं म्हणतात तसं. मी आंघोळीला गेले तरी दाराबाहेर बसून "बाईऽ, बाईऽ". दुपारी वामकुक्षी घेतली तर उशीवर येऊन माझ्या केसांत चोच घालते आणि एकेक केस विंचरून काढते. आईनंतर माझ्या केसांना कुणी हात लावला नव्हता रे.

फक्त तिची ती पांढरी भुकटी! पिसं झटकली की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं होतं. दूरदर्शनच्या पडद्यावर, देवांवर, माझ्या काळ्या छत्रीवर, सगळीकडे थर. वर्गातला खडू परवडला. उन्हाळ्यामुळे खिडक्या लावून पंखा चालू ठेवावा लागतो. मग ती भुकटी फिरत राहते. मी दिवसातून दोनदा पुसते.

एक महत्त्वाचं. कडोदऱ्याला भगवानभाई म्हणून एक लूमवाले आहेत, माझ्या एका विद्यार्थ्याच्या बापाचे मालक. त्यांच्या वाडीत आंब्याखाली खोलीएवढा मोठा जाळीचा पिंजरा आहे आणि त्यात फेणीसारखाच एक नर. त्याची जोडीदारीण गेल्या थंडीत मेली. फेणीचं कानावर आलं तेव्हा ते स्वतः घरी आले. वयस्क गृहस्थ. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसले. आपली फेणी कुणाच्या वाऱ्याला उभी राहत नाही, ती टुणटुणत त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण ओढू लागली. "बेन, दीकरीनी जेम राखीश," म्हणाले, लेकीसारखी ठेवीन. रविवारी मी वाडी पाहून आले. सावली आहे, पाणी आहे, माणसं प्रेमळ आहेत.

तुझी परवानगी येणार असेल तर प्रश्नच नाही. पण नसेल येणार, तर याहून चांगलं घर तिला मिळणार नाही. मला तिला द्यायची घाई नाही, उलट जड जाईल. तरी तू खरं काय ते कळव. भगवानभाई जूनपर्यंत थांबायला तयार आहेत.

हल्ली वर्गात कविता मुलांकडूनच वाचून घेते. त्यांनाही सवय व्हायला हवी.

तुझी,
विजयाताई


ऑकलंड
११ मे १९९७

प्रिय ताई,
शि. सा. नमस्कार.

कृपा करून फेणीला कुणाला देऊ नकोस.

परवानगीचं काम चालू आहे. मध्ये अधिकारी बदलला, म्हणून मागे पडलं. नवीन माणूस चांगला वाटतो. दिवाळीपर्यंत धर. कडोदऱ्याची गोष्ट मी घरात काढली नाही. धनूला इथल्या शाळेत अजून मैत्रीण मिळालेली नाही. मधल्या सुट्टीत ती एकटी भिंतीशी उभी असते, असं तिच्या बाई म्हणाल्या. रोज झोपताना विचारते, आज पत्र आलं का फेणीचं? तिला मी काय सांगू?

आणि तूही तिच्यात रमली आहेस, तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे. तुम्ही दोघी एकमेकींना सोबत आहात. असं चाललेलं कशाला मोडायचं?

पुढच्या रविवारी सरलाबाईंकडे फोन करतो. फेणीला जवळ घेऊन बस, धनू बोलेल.

तुझा,
तुषार


उधना, सुरत
१० ऑगस्ट १९९७

प्रिय तुषार,
अनेक आशीर्वाद.

भगवानभाईंना मी तेव्हाच नाही म्हणून कळवलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. "छोकरीनुं पाखरू, छोकरीने मळवुं जोईए," म्हणाले. पोरीचं पाखरू पोरीलाच मिळावं. आता तू दिवाळी म्हणतोस तर दिवाळी.

सरलाबाईंकडे फोन करत जाऊ नकोस. त्यांच्या घरात माणसं बरीच, आपण तिथे जाऊन बसायचं म्हणजे त्यांची पंचाईत होते. पत्रात सगळं सांगता येतं. मागच्या वेळी मी "हॅलो" म्हणून गप्प झाले ते लाइन खराब होती म्हणून.

शाळेत यंदा मी पहिलीचा वर्ग मागून घेतला. तळमजल्यावर आहे, हवेशीर. भाजीवालीला गॅलरीतून दोरीने टोपली सोडते. सगळी बिल्डिंग मला हसते आणि हळूहळू सगळी बिल्डिंग तेच करायला लागली आहे.

मध्यंतरी बारीक ताप येत होता संध्याकाळचा. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर खडू खाल्लात, वर उधन्यात लूमचं तूस, या गोळ्या घ्या. घेतेय. वजन जरा उतरलं तर बरंच आहे, तूच मला चिडवायचास.

फेणीची गंमत धनूला सांग. ती आता खोकायला शिकली आहे. अगदी माझ्यासारखी, आधी दोन लहान आणि मग एक लांब, आणि शेवटी "अगं आई गं". परवा सरलाबाई दारातून परत गेल्या. त्यांना वाटलं मी आत खोकतेय, उठवायला नको. मी तेव्हा बाथरूममध्ये कपडे धूत होते. इतक्या हसलो आम्ही दोघी, की मला खाली बसावं लागलं.

परवानगीचं काय झालं ते मात्र लिही.

तुझी,
विजयाताई


ऑकलंड
३१ ऑगस्ट १९९७

ती. ताईंना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे.

फेणीच्या खोकल्याचं यांनी जेवताना वाचून दाखवलं. धनू हसली, हेही हसले. मी पानावरून उठले. नऊ वर्षं त्या पाखराला मी भरवलंय, ताई. एखादा आवाज तिला यायला महिना महिना लागतो. "नमस्कार" शिकवताना धनूचा घसा बसला होता. तुम्ही किती खोकता आहात? "या गोळ्या" म्हणजे कसल्या? खरं सांगा.

आणि मीही तुम्हाला खरं सांगते. परवानगी येणार नाही. मार्चमध्ये हे कचेरीत गेले त्याच दिवशी त्यांनी तोंडावर सांगितलं, की भारतातून पाळीव पक्षी या देशात येत नाही. अपवाद नाही, अर्ज नाही, काही नाही. मला हे मे महिन्यात कळलं, तुमच्या कडोदऱ्याच्या पत्रानंतर. मी भांडले. हे म्हणाले, लगेच सांगितलं तर ताई तिला देऊन टाकेल आणि पुन्हा एकटी पडेल, आणि धनू हाय खाईल. जरा स्थिर होऊ दे, मग सांगतो. मी गप्प बसले, ही माझी चूक.

स्थिर काही झालेलं नाही. हे लॅबमध्ये नाहीत. इथे यांच्या पदवीला कुणी विचारत नाही. एका बेकरीत पहाटे पावाच्या पेट्या भरतात.

फेणीला त्या कडोदऱ्याच्या वाडीत द्या, ताई. आजच द्या. धनूचं मी बघते.

तुमची,
अनुजा


उधना, सुरत
५ ऑक्टोबर १९९७

प्रिय अनुजा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हॉस्पिटलमधून येऊन जिन्याच्या पहिल्या वळणावर बसले होते. पोस्टमनने तिथेच हातात दिलं. तिथेच वाचलं. बसायला निमित्त मिळालं.

तू खरं मागितलंस, सांगते. उन्हाळ्यापासूनच मला दम लागतो. आधी जिन्याला, मग फळ्यावर लिहिताना, आता वेणी घालताना. डॉक्टरांनी क्षय धरला आणि औषधं चालू केली. गुण येईना. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथला डॉक्टर पोरगेलासा. बराच वेळ पाठीला नळी लावून ऐकत होता. मग विचारलं, "घरात कबुतरं येतात का?"
"नाही," मी म्हटलं.
"कोंबड्या? पोपट?"
"काकाकुवा आहे."
त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "झोपता त्याच खोलीत?"
"उशीवर," मी म्हटलं.

क्षय नाहीच, अनुजा. ती पांढरी भुकटी. काही माणसांना ती सोसत नाही. ओला स्पंज वाळून कडक व्हावा तशी फुप्फुसं होतात म्हणाला. मी विचारलं, आता बरी होईन का? मास्तरणीला खोटं सांगू नये हे त्याला कळत असावं. "झालं ते परत मऊ होणार नाही, बाई. पुढचं थांबवू शकतो. पक्षी आज घराबाहेर काढा."

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कडोदऱ्याला गेले. भगवानभाईंनी जूनमध्येच कलकत्त्याहून दुसरी मादी आणली होती. तरी बिचारे म्हणाले, बघू ठेवून. फेणीला आत सोडलं. दोघांनी मिळून तिला कोपऱ्यात घेतलं. सोडवेपर्यंत तिच्या पायाचं एक बोट तुटलं होतं. भगवानभाईंनी माझ्यापुढे हात जोडले. त्यांचा काय दोष? ते आले होते तेव्हा आपणच नाही म्हटलं.

मग आमच्या शाळेचा शिपाई दगा तिला डिंडोलीला घेऊन गेला. त्याच्या चाळीत रात्रपाळीचे कारागीर दिवसा झोपतात आणि ही दिवसभर किंचाळते. चौथ्या दिवशी परत घेऊन आला, मान खाली घालून. पालिकेच्या प्राणिबागेत विचारलं, एकटं पाळीव पाखरू घेत नाहीत. तेवढ्या दिवसांत ती पुन्हा माझ्याच घरात, माझ्याच दारावर. मी तोंडाला ओला पंचा बांधून तिला खायला घालायचे. तिला वाटायचं, खेळ आहे. पंचा ओढायची.

काल तिला भेस्तानला दिलं. बन्सीलाल म्हणून पाखरांचा व्यापारी आहे. पत्र्याची शेड, एकावर एक पिंजरे, मुनिया, लव्हबर्ड, ससे. वास येत होता. मी त्याला म्हटलं, हिला सोबत लागते, बोलावं लागतं. तो म्हणाला, "यहाँ सब सोबत ही सोबत है, बेन." वाईट माणूस नाही, त्याचा धंदा आहे. फेणीने माझ्या पदरात नखं रुतवली होती. एकेक सोडवावं लागलं. चार सोडवली की पहिलं पुन्हा अडकवायची. मी तिला पिंजऱ्यात ठेवून वळले तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही. "नमस्कार" म्हणाली. तिला वाटलं असेल, हे म्हटलं की माणसं हसतात आणि थांबतात.

तुषारला रागावू नकोस. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मी दूर वसतिगृहात होते आणि काकांनी मला आणायला त्यालाच पाठवलं. गाडीत संपूर्ण रस्ताभर तो मला सांगत होता की बाबांना बरं वाटतंय, नुसतं भेटायला बोलावलंय. दारात माणसं दिसली तरी म्हणत होता. तेव्हापासून वाईट बातमी त्याच्या तोंडून निघत नाही.

आणि मी तरी कुठे बोलले? मला वाटलं, तो तिकडे परवानगीसाठी खेटे घालतोय, पोर वाट बघतेय, आणि मी इकडे खोकला आला म्हणून पाखरू टाकून दिलं असं व्हायला नको.

घर आता पुसून घेतलं आहे. छत्री, दूरदर्शनचा पडदा, मूळचं काळं होतं ते पुन्हा काळं दिसायला लागलंय.

तुझी,
विजयाताई


ऑकलंड
२ नोव्हेंबर १९९७

प्रिय ताई,

अनुजाने तुझं पत्र मला दिलं. मी ते बेकरीच्या मागे उभं राहून वाचलं.

माझ्यामुळे झालं. एप्रिलमध्ये तू साधा प्रश्न विचारला होतास, खरं काय ते कळव म्हणून. तेव्हा एक ओळ लिहिली असती तर फेणी आज आंब्याखाली असती आणि तू फळ्यासमोर.

तू इकडे ये. इथली हवा स्वच्छ आहे, डॉक्टर चांगले आहेत. मी तुझ्या कागदांचं बघतो. दोन-तीन महिन्यांत नक्की होईल. मलाच आत्ता निघता येत नाही. नवीन नोकरी आहे, गेलो तर परत ठेवणार नाहीत, आणि घर याच्यावरच चाललंय. पण तुझं मी करतो. तोवर औषधं नीट घे.

धनूला अजून सांगितलेलं नाही. तिची वार्षिक परीक्षा झाली की सांगेन.

तुझा,
तुषार


उधना, सुरत
१८ जानेवारी १९९८

प्रिय तुषार,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी थोडं थोडं करून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. शाळा दिवाळीनंतर सोडली. मुलं अधूनमधून येतात, जिन्यातून "बाईऽ" म्हणून हाक मारतात आणि मी गॅलरीशी पोचेपर्यंत निघून जातात.

माझ्या कागदांचं बघू नकोस. कुठलाही देश आधी छातीचा फोटो मागतो, आणि माझा फोटो इथला डॉक्टरसुद्धा पाहून लगेच पाकिटात परत घालतो. तूही आता मला दोन-तीन महिने म्हणू नकोस, बाळा. मी ऐकून घेईन आणि वाट बघत बसेन. नको.

फेणीचं सांगते. डिसेंबरच्या मध्याला दार वाजलं. उघडलं तर बाहेर कुणी नाही, खाली एक खोका. आणि खोक्यातून मीच खोकले. दोन लहान, एक लांब, "अगं आई गं". कठड्यावरून वाकून पाहिलं तर बन्सीलाल खाली स्कूटरजवळ उभा. वरून काही बोलायला मला दम नव्हता. तोच ओरडला, "बेन, खाती नथी. मारे त्यां मरी जशे तो मने पाप लागशे!" आणि गेला. खातच नव्हती ती, आणि त्याच्याकडे मेली तर त्याला पाप लागलं असतं.

खोका उघडला. पोटावर एक पीस शिल्लक नव्हतं. स्वतःच उपटून काढलेलं, कातडी लाल, ठिकठिकाणी खपल्या. डोक्यावर तेवढा तुरा. मला पाहून तो तिने उभा केला.

सरलाबाई धावत आल्या. त्यांची अहिराणी रागात जास्त सुटते. "हाई पाखरू तुमना जीव लिसन जाई, बाई!" हे पाखरू तुमचा जीव घेऊन जाईल. मी म्हटलं, मग काय जिन्यात ठेवू? मग त्यांनीच खोका उचलला आणि गॅलरीत नेला. गॅलरीचं दार काचेचं आहे. त्याच्या फटींना आम्ही खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पलीकडे ती, अलीकडे मी. दाणापाणी सरलाबाई त्यांच्या गॅलरीतून हात लांब करून ठेवायच्या.

पहिले दोन दिवस ती चोचीने काच वाजवत होती. मला वाटलं, फुटेल. मग तिला कळलं असावं. मी खुर्ची काचेला लावून बसले की ती तिकडून काचेला चिकटून बसायची, उघडं पोट काचेला लावून. काचेवर तिच्या श्वासाचा डाग उमटायचा, माझ्या बाजूने माझा. मी शेंगदाणे तोंडात टाकले की तीही एक उचलायची. मी खाल्लं नाही तर तीही नाही. म्हणून मी भूक नसताना खायचे. तिला माझ्या केसांकडे यायचं असायचं. काचेवरून चोच वर-खाली फिरवायची, विंचरल्यासारखी. डॉक्टरांना हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी काय म्हणाले असते? दार उघडायची परवानगी त्यांच्याकडे नव्हती आणि तिला न्यायला जागा कुणाकडेच नव्हती.

थंडीत सरलाबाईंनी पोतं लावून दिलं होतं. पण अंगावर पिसंच नाहीत म्हटल्यावर पोतं किती पुरणार?

उत्तरायणाला, आपल्या संक्रांतीला, सगळी सुरत गच्चीवर होती. सकाळपासून पतंग, भोंगे, "काप्यो छे" म्हणून आरडाओरडा. नेहमी एवढ्या आवाजाला फेणीने आभाळ डोक्यावर घेतलं असतं. ती माझ्या बाजूला तोंड करून काचेच्या तळाशी बसली होती. मी खुर्चीवरून जमिनीवर उतरले, म्हणजे डोळे एका पातळीत येतील. दुपारी कधीतरी तिची मान काचेवरून घसरली. मी काच वाजवली. पुन्हा वाजवली. वरच्या गच्चीवर कुणीतरी थाळी बडवत होतं.

सरलाबाई आणि त्यांचे यजमान गच्चीवरून आले. त्यांच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत येऊन त्यांनी तिला धुतलेल्या फडक्यात घेतलं. माझ्या जुन्या सुती साडीचं फडकं होतं, मीच दिलं. खाडीकडे नेऊन पुरलं. मी काचेच्या आतूनच पाहिलं. शेवटपर्यंत माझा हात काही तिला लागला नाही.

धनूला सांग. परीक्षेनंतर नको, सुट्टीत नको. हे पत्र संपवशील तेव्हा उठून तिच्या खोलीत जा आणि सांग. आजारी आहे असं सांगू नकोस, वाडीत सुखात आहे असं सांगू नकोस. मेली म्हणून सांग. रडेल. रडू दे. तुला जमणार नसेल तर अनुजाला हात धरायला सांग, पण बोल तूच. आणि माझ्याबद्दलही तेव्हाच सांगून ठेव, म्हणजे पुढे तुला पुन्हा शब्द शोधावे लागणार नाहीत.

काल सरलाबाईंनी गॅलरी फिनेलने धुतली. कागदाच्या पट्ट्या ओल्या करून खरवडून काढल्या, काच दोन्ही बाजूंनी पुसली. मग म्हणाल्या, "आते उघाडा, बाई. आते काय शे!" आता काय राहिलंय म्हणून.

दार उघडलं. दिवसभर उघडंच असतं आता. वारा चांगला येतो.

तुझी,
विजयाताई